समोर कोण आहे, बॉस?

कार्टून नेटवर्कवरच्या पोकेमॉनमधली जिग्लीपफ आठवते? तीच ती, गुलाबी फुग्यासारखी. हातात माइक घेऊन गाणं सुरू करायची. ऐकणारे पटापट झोपायचे. मग आपलं गाणं कुणीच पूर्ण ऐकत नाही म्हणून गाल फुगवून बाई चिडायच्या आणि झोपलेल्यांच्या तोंडावर मार्करनं रेघोट्या ओढायच्या!

आता याच गुलाबी फुग्यानं जगातल्या भल्याभल्या गेमर्सची अनेक वर्षं झोप उडवली, असं सांगितलं तर? 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षं 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या गेमच्या क्रमवारीत पहिल्या नंबरावर असलेला खेळाडू जिग्लीपफ घेऊनच खेळत होता. त्याला अडवायचं कसं, या एका प्रश्नावर जगभरच्या खेळाडूंनी तासन्‌तास डोकं खाजवलं. कुणी आपला लाडका हीरो बाजूला ठेवला, कुणी नवा शिकला, कुणी नियमच बदला म्हणून ओरडा केला.

आणि इथेच हा गेम फक्त 'बटणं बडवायचा' प्रकार राहत नाही. कारण इथे 'तू किती भारी आहेस?' हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न एकच. समोर कोण आहे, बॉस?

टक्का वाढला की उडालास!

ज्यांनी टेकन किंवा स्ट्रीट फायटर खेळलंय, त्यांना फायटिंग गेम म्हटलं की वरची पट्टी आठवते. मार बसला की पट्टी कमी, पट्टी संपली की गेम ओव्हर. मेलीमध्ये असं काही नाही. इथे प्रत्येकाच्या नावाखाली टक्के असतात आणि मार बसला की ते वाढत जातात. शून्यावर असताना ठोसा बसला तर तुम्ही थोडे मागे सरकता. शंभरावर असताना तोच ठोसा बसला तर थेट स्क्रीनच्या बाहेर! बाहेर गेलात की एक लाइफ गेली. स्पर्धेत चार लाइफ आणि आठ मिनिटं मिळतात.

म्हणजे इथे समोरच्याला नुसतं मारायचं नसतं, मैदानातून बाहेर फेकायचं असतं. बाहेर गेलेला उड्या मारत, हवेत धडपडत पुन्हा काठ पकडायला येतो आणि दुसरा त्याला येऊ देत नाही. आपल्या कबड्डीत पकड झालेला रेडर मधल्या रेषेला हात लावायला कसा झेपावतो, तसाच हा सीन!

हा गेम 2001च्या अखेरीस निन्टेंडोच्या गेमक्यूब या मशीनसाठी आला. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई. खरं तर पार्टीत चार मित्रांनी दंगा करावा म्हणून बनवलेला गेम. पण खेळणाऱ्यांनी तो इतका खोलवर खोदला की पंचवीस वर्षं होत आली तरी त्याच्या स्पर्धा भरतात. तेही जुन्या डबा टीव्हींवर, कारण त्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा वेळ सर्वात कमी! स्क्रीनवर सेकंदाला 60 चित्रं सरकतात आणि यांचे निर्णय त्यातल्या दोन-चार चित्रांच्या हिशेबात चालतात. तुमच्या-आमच्या ऑफिसच्या कम्प्युटरला लॉगिन व्हायला लागतो तेवढ्या वेळात इथे एक लाइफ जाऊन दुसरीही अर्धी संपलेली असते.

जोड जमली पाहिजे

गावच्या जत्रेत कुस्तीचा फड लागतो, तेव्हा आधी जोड ठरते. कुठला पैलवान कुणाशी लढणार, हे जाणकार मंडळी नीट पाहून ठरवतात. कारण एकाला अस्मान दाखवणारा डाव दुसऱ्यावर चालेलच असं नाही. मेलीमध्ये या जोडीला म्हणतात मॅचअप.

गेममध्ये झेल्डा आणि शीक वेगळ्या धरल्या तर 26 कॅरेक्टर्स आहेत. प्रत्येकाची जोड दुसऱ्या प्रत्येकाशी, शिवाय स्वतःशीही. हिशेब केला तर 351 जोड्या होतात! त्यातल्या मोठ्या स्पर्धांत नेहमी दिसतात त्या थोड्याच. पण त्या थोड्यांमध्येसुद्धा प्रत्येक जोडीचा कायदा निराळा.

उदाहरण घेऊया फॉक्सचं. हा अंतराळातला कोल्हा. गेममधला सर्वात दांडगा हीरो, असं बरेच जण मानतात. पळायला सुसाट, मारायला चपळ. त्याचा 'शाइन' नावाचा निळा झटका तर बटण दाबल्यावर पहिल्याच चित्रात लागतो. मग सगळ्यांनी फॉक्सच घ्यावा की! पण थांबा. फॉक्स हवेतून दगडासारखा खाली येतो. त्यामुळे त्याला वर उडवलं की तो लगेच पुन्हा हाताशी येतो, पुन्हा उडवता येतो, पुन्हा येतो...

हे मार्थला बरोब्बर माहीत असतं. मार्थ म्हणजे तलवारवाला राजपुत्र. त्याच्या तलवारीच्या टोकाचा फटका सर्वात जहाल. सपाट मैदान असेल आणि फॉक्सचे टक्के कमी असतील, तर मार्थ त्याला पकडतो, वर फेकतो, खाली आला की पुन्हा पकडतो. वीटभट्टीवर वीट झेलावी तसं! फॉक्सवाल्याच्या हातात तेव्हा एवढंच उरतं, की हवेत स्टिक वळवून आपण कुठल्या बाजूला पडायचं ते थोडंफार ठरवायचं आणि मार्थचा अंदाज चुकावा अशी आशा करायची.

आता हाच मार्थ, हाच डाव, पण समोर जिग्लीपफ. काय होतं? काहीच नाही! ती फुगाच आहे. वर फेकली की तरंगत निघून जाते. उलट गेममध्ये तिचं वजन अगदीच कमी, फॉक्सच्या 75 ला तिचं 60. म्हणजे तिला पकडून ठेवणं अवघड, पण एक सणसणीत फटका बसला तर पटकन उडणारीही तीच. डाव तेच, माणूस बदलला, सगळं गणित बदललं.

म्हणूनच या खेळातले लोक मॅचअपला आकडे देतात. 'साठ-चाळीस' म्हणजे दोन सारख्या तयारीचे खेळाडू शंभर गेम खेळले तर साठ याचे आणि चाळीस त्याचे. पण हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेत मोजलेले नाहीत. ती जाणकारांची मतं आहेत. आणि मतं बदलतात, कारण खेळणारे शिकत असतात.

मैदानसुद्धा खेळतं

क्रिकेटमध्ये टॉस जिंकून पिच बघतात, तसं इथे मैदान बघतात. मेलीच्या स्पर्धेत नेहमीची सहा मैदानं. 'फायनल डेस्टिनेशन' टेबलासारखं सपाट. 'बॅटलफील्ड'वर तीन फळ्या. 'योशीज स्टोरी' छोटं आणि छत खाली. 'ड्रीम लँड' ऐसपैस आणि छत उंच. 'फाउंटन ऑफ ड्रीम्स'च्या फळ्या वरखाली होतात. 'पोकेमॉन स्टेडियम'चं तर रूपच मधूनमधून बदलतं.

मार्थला फॉक्सविरुद्ध सपाट मैदान हवं, कारण फळ्या नसल्या की त्याचं फेकणं-झेलणं बिनधास्त चालतं. फॉक्सला तिथे जायचंच नसतं. जिग्लीपफला उंच छताचं ड्रीम लँड आवडतं, कारण हलक्या बाईंना वर उडवलं तरी छतापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. मैदान तेच, पण कुणासाठी गार्डन, तर कुणासाठी सापळा.

मग पहिल्या गेमचं मैदान ठरवायचं कसं? पाच मैदानं समोर ठेवतात. पहिला एक खोडतो, दुसरा दोन खोडतो, पहिला पुन्हा एक. उरलं ते मैदान. नंतरच्या गेममध्ये मात्र हरलेल्याला संधी. छोट्या सामन्यात जिंकलेला एका मैदानावर फुली मारतो, उरलेल्यांतून हरलेला मैदान निवडतो. मग जिंकलेल्यानं आपलं कॅरेक्टर सांगायचं आणि त्यानंतर हरलेल्यानं आपलं. म्हणजे शेवटचा शब्द हरलेल्याचा! हरलेल्याला असा मान दुसऱ्या किती खेळांत मिळतो, सांगा.

यालाच म्हणतात काउंटरपिक. तू पहिलवान आणलास? थांब, मी तुझा जोडीदार आणतो.

स्वीडनच्या आर्माडाचा छोटा प्लॅन

आता खरी स्टोरी. पात्रं दोन. एक, स्वीडनचा अ‍ॅडम लिंडग्रेन ऊर्फ आर्माडा. थंड डोक्याचा, शिस्तीचा. त्याची हीरोइन होती पीच. गुलाबी गाऊनमधली राजकन्या, जमिनीतून सलगम उपटून ते फेकून मारणारी! दोन, अमेरिकेचा हुआन डेबिएडमा ऊर्फ हंग्रीबॉक्स. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाचा इंजिनीअर. बरीच वर्षं नोकरी सांभाळून वीकएण्डला स्पर्धा खेळणारा. सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर होणाऱ्या आपल्यासारख्यांना हा गडी लगेच आपला वाटेल. त्याची हीरोइन अर्थातच जिग्लीपफ.

पीच विरुद्ध जिग्लीपफ ही जोड आर्माडासाठी डोकेदुखी होती. पीच हवेत तरंगते खरी, पण संथ. जिग्लीपफ हवेत गेममधल्या सर्वात वेगवान मंडळींपैकी एक, आणि तिच्याकडे हवेतल्या हवेत पाच उड्या. पीचनं सलगम फेकावा, तर ही झुलत बाजूला. पीचनं पुढे यावं, तर ही मागे सरकते आणि पीच थांबली की पाठ फिरवून लाथ हाणते. शिवाय मनात सतत भीती 'रेस्ट'ची.

हे रेस्ट प्रकरण समजून घ्या. कार्टूनमध्ये जिग्लीपफ दुसऱ्यांना झोपवते. गेममध्ये तिचं ते गाणं जवळपास निरुपयोगी आहे. भारी आहे ते तिचं स्वतःचं झोपणं! समोरच्याला अगदी चिकटून तिनं डोळे मिटले, की तो तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. तेही पहिल्याच चित्रात, म्हणजे बघून वाचायला वेळच नाही. पण नेम चुकला तर? बाईसाहेब सुमारे चार सेकंद खरोखर झोपलेल्या. समोरचा निवांत पोझ घेऊन त्यांना उडवू शकतो. थोडक्यात, एका झटक्यात सगळं कमवायचं किंवा सगळं गमवायचं.

यावर 2011-12च्या सुमारास आर्माडानं काय केलं? बॅगेतून काढला यंग लिंक! हिरवी टोपी घातलेलं छोटं पोरगं. क्रमवारीत पीचच्या कितीतरी खाली. इतरांशी खेळताना कुणी शहाणा खेळाडू त्याला हात लावणार नाही. म्हणजे ऑफिसच्या मोठ्या प्रेझेंटेशनला सीनिअर मॅनेजरऐवजी ट्रेनीला उभं करण्यासारखं. पण या पोराकडे धनुष्यबाण होते, बूमरँग होतं, बॉम्ब होते. त्याला जिग्लीपफच्या जवळ जायची गरजच नव्हती. आणि जवळ जायचंच नाही म्हटल्यावर रेस्ट मारणार कुणाला?

बाण, बूमरँग, बॉम्ब. पुन्हा बाण. जिग्लीपफ पुढे सरकली की यंग लिंक मागे. बघायला हे गेम फारसे रंगतदार नसायचे, लांबायचे, प्रेक्षक चुळबुळायचे. पण त्या काळात या पोरानं हंग्रीबॉक्सला चांगलंच जेरीस आणलं. एरवी कमजोर असलेला एका माणसासमोर भारी ठरला. मॅचअप म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या भाषेत सांगता येणार नाही.

पण समोरचाही अभ्यास करतो ना!

इथेच स्टोरी संपली असती तर 'योग्य हत्यार निवडा आणि सुखी व्हा' असा छान मेसेज देऊन आपण मोकळे झालो असतो. पण मॅचअपची गंमत अशी की तुमचं उत्तर समोरच्यालाही दिसतं. तो ते घरी घेऊन जातो, व्हिडिओ लावून बसतो आणि सहा महिन्यांनी नवा प्रश्न घेऊन येतो.

हंग्रीबॉक्सनं कॅरेक्टर बदललं नाही. फॉक्स असो, मार्थ असो, पीच असो, तो जिग्लीपफच घेऊन उतरायचा. त्यामुळे त्याला प्रत्येक जोडीची एकच बाजू शिकायची होती, पण ती मुळापासून. फॉक्स लेसर मारून डिवचतो तेव्हा किती धीर धरायचा? फॉक्सनं पकडून वर फेकलं की लगेच येणाऱ्या लाथेपासून कुठल्या दिशेला सटकायचं? हा अमुक खेळाडू घाबरला की ढाल धरतो की उडी मारतो? नोकरीत एकाच क्लायंटचं अकाउंट वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस असतो बघा, क्लायंटनं फोनवर 'हॅलो' म्हटलं की मूड ओळखणारा. तसा.

आर्माडाही थांबला नव्हता. पुढे जिग्लीपफसाठी त्यानं फॉक्स तयार केला. फॉक्सचा वेग जिग्लीपफला जड जातो आणि तिच्या हलक्या अंगाला त्याची वरची लाथ लवकर उडवते. कागदावर उत्तर चोख. 2015मध्ये लास वेगासच्या 'एव्हो' या मानाच्या स्पर्धेत आर्माडानं फायनलला हंग्रीबॉक्सलाच हरवून विजेतेपद घेतलं.

2016. पुन्हा लास वेगास, पुन्हा एव्हो, पुन्हा तेच दोघे. या वेळी हंग्रीबॉक्स पराभूतांच्या गटातून वर आला होता. म्हणजे विजेतेपदासाठी त्याला आर्माडाला एकदा नाही, दोनदा हरवायचं होतं. पहिला सेट त्यानं काढला. दुसरा निर्णायक गेमपर्यंत ताणला गेला. आर्माडाचा फॉक्स विरुद्ध हंग्रीबॉक्सची जिग्लीपफ.

शेवटी काय झालं? खाली पडताना योग्य क्षणी बटण दाबलं तर कॅरेक्टर लगेच सावरून उभं राहतं. मेली खेळणारा प्रत्येक जण हे दिवसातून शेकडो वेळा करतो. आर्माडाचा फॉक्स पडला आणि तो क्षण हुकला. फॉक्स जमिनीवर आडवा. जिग्लीपफ त्याला चिकटली, तिनं डोळे मिटले... आणि फॉक्स उडाला. हंग्रीबॉक्स एव्होचा विजेता!

विचार करा. जोड आर्माडानं निवडलेली. कॅरेक्टर कागदावर वरचढ. अभ्यास पक्का. आणि निकाल लागला तो सेकंदाच्या एका तुकड्यात, बोटाच्या एका हुकण्यानं. मॅचअप तुम्हाला सामन्याला बसवतो, पेपर मात्र हातानंच लिहावा लागतो. आर्माडानं 2017ला एव्हो पुन्हा जिंकली आणि 2018मध्ये एकेरी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. हंग्रीबॉक्सची गुलाबी बाई मात्र खेळतच राहिली.

ज्याची कुणी तयारीच केली नाही

तिसरा एक रस्ता आहे आणि तो भलताच इंटरेस्टिंग आहे. तुमचं कॅरेक्टर इतकं दुर्मिळ ठेवा, की समोरच्याकडे तुमच्या जोडीचा अनुभवच नसावा!

जपानचा आम्सा हा या रस्त्याचा राजा. बरीच वर्षं नोकरी करून उरलेल्या वेळात खेळणारा. त्याचं कॅरेक्टर योशी. तोच, मारिओ ज्याच्या पाठीवर बसतो तो हिरवा डायनोसॉर. आम्साचा मात्र लाल. योशीला इतरांसारखी ढाल धरून त्यातून थेट उडी मारता येत नाही. म्हणजे एक मोठी सोय गायब. त्यामुळे लोकांनी त्याला 'चालणार नाही' म्हणून बाजूला टाकलं होतं. आम्सानं उलट बघितलं. योशीच्या हवेतल्या दुसऱ्या उडीत चिलखत असतं, छोटे फटके बसूनही तो पुढे येतो. आणि ढाल अगदी अचूक क्षणी धरली तर समोरचा हल्ला फुकट जातो आणि योशीला लगेच परतफेड करता येते. इतरांना हे ऐकून माहीत, पण हातात भिनलेलं नाही. कारण सरावाला दुसरा असा योशी आणायचा कुठून?

2022च्या ऑक्टोबरमध्ये आम्सानं 'द बिग हाउस 10' ही मोठी स्पर्धा याच योशीवर जिंकली. त्याआधी 2019च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अ‍ॅक्सनं 'स्मॅश समिट 8' पिकाचू घेऊन जिंकली होती. दोन्ही वेळा लोक खुर्चीवर उभे राहून ओरडले. कारण प्रत्येकाला आपल्या ऑफिसमधला तो कोपऱ्यातला शांत माणूस आठवला असणार, ज्याला कुणी सीरियसली घेत नाही आणि जो एक दिवस सगळ्यांचं काम एकटा करून दाखवतो.

पण यातही मेख आहे. दुर्मिळपणाचा फायदा म्हणजे स्टॉक असेपर्यंतची ऑफर. जिंकायला लागलात की लोक तुमचेही व्हिडिओ बघणार. 2020पासून 'स्लिपी' नावाच्या प्रोग्रॅममुळे घरबसल्या ऑनलाइन खेळता येतं आणि प्रत्येक गेमची नोंद आपोआप साठते. आता गुपित फार दिवस गुपित राहत नाही. आम्साचं खरं मोठेपण असं की लोक शिकले तरी तो जिंकत राहिला.

जिंकायचं, पण किती?

मॅचअपचा अभ्यास टोकाला गेला की एक नाजूक प्रश्न येतो. जिंकायचा सर्वात सुरक्षित मार्ग सर्वात कंटाळवाणा असेल तर?

जिग्लीपफनं मैदानाच्या काठाशी लटकत राहावं, समोरचा वैतागून पुढे आला की मारावं. नियमात बसतं, फायद्याचंही आहे. पण बघणाऱ्यांचा संताप होतो. हंग्रीबॉक्सवर हा राग वर्षानुवर्षं साचत गेला. 2019मध्ये 'पाउंड' ही स्पर्धा त्यानं जिंकली आणि प्रेक्षकांतून एकानं त्याच्या दिशेनं चक्क मेलेला खेकडा भिरकावला! जिंकणाऱ्याला हार घालतात हे ऐकलं होतं, खेकडा पहिल्यांदाच. हसू येतं खरं, पण त्या जागी स्वतःला ठेवून बघा. नियम पाळून जिंकलेल्या माणसाच्या वाट्याला आलेला हा सत्कार!

आइस क्लाइंबर्सचंही तेच. ही दोघांची जोडगोळी. एकानं पकडायचं आणि दुसऱ्यानं ठराविक तालात टपल्या मारत राहायचं, की पकडलेल्याला सुटकाच नाही. 'वॉबलिंग' म्हणतात त्याला. वर्षानुवर्षं वाद झाला. ज्यांचं सगळं करिअर या डावावर उभं होतं ते म्हणायचे, पकडले जाऊ नका ना! बाकीचे म्हणायचे, हा खेळ आहे की शिक्षा? शेवटी 2019-20च्या सुमारास बहुतेक मोठ्या स्पर्धांनी त्यावर बंदी आणली. काठाला किती वेळा लटकायचं यावरही ठिकठिकाणी मर्यादा आल्या.

म्हणजे मैदान, कॅरेक्टर यांच्यापलीकडे आणखी एक जोड असते. खेळाडू विरुद्ध बाकी सगळे. ती जोड हरलात तर नियमच बदलतात.

मॅचअपचा होमवर्क: पाच फंडे

गेम कुठलाही असो, ऑफिसनंतर मित्राशी टेकन खेळा नाहीतर फिफा, हे पाच प्रश्न कामाला येतात.

1. समोरच्याला काय हवंय? जिग्लीपफला तुम्ही जवळ यायला हवे असता. मग जाऊ नका. आधी त्याचं सुख ओळखा, मग ते नाकारा.

2. माझा कुठला डाव इथे चालत नाही? हे जास्त महत्त्वाचं. नेहमीचा यशस्वी डावच चुकीच्या जोडीत घात करतो, कारण हाताला त्याची सवय असते.

3. चुकलो तर किंमत किती? रेस्ट चुकलं की चार सेकंद झोप. स्वस्तात चुकता येईल असे डाव आधी वापरा.

4. मैदान कुणाचं? निवडायची संधी मिळाली तर आवडीचं नको, समोरच्याला अडचणीचं घ्या.

5. समोर कॅरेक्टर आहे की माणूस? दोन फॉक्सवाले सारखे नसतात. एक घाबरून मागे जातो, एक घाबरून अंगावर येतो. तक्ता कॅरेक्टरचा असतो, हरतो किंवा जिंकतो तो माणूस.

मग आर्माडा बरोबर की हंग्रीबॉक्स?

समोरच्याला बघून स्वतः बदलायचं, की स्वतःचं एकच धरून समोरच्याला पाठ करायचं? मेलीच्या इतक्या वर्षांत दोन्हींना विजेतेपदं मिळालीत. बदलणाऱ्याला दुप्पट शिकावं लागतं आणि नवं हत्यार ऐन वेळी हाताला परकं वाटायचा धोका असतो. न बदलणाऱ्याला अवघड जोडी टाळता येत नाही, वर्षानुवर्षं तोच मार खात तो शिकतो. फुकटचं काहीच नाही. पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे. 'मी भारी आहे' या वाक्यावर दोघांपैकी कुणीही थांबला नाही. कुणासमोर भारी, कुठल्या मैदानावर आणि अजून किती दिवस, हे ते विचारत राहिले.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद चेल्याला सगळं शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. मेलीच्या जगात आता राखून ठेवायला फारसं उरलेलं नाही, सगळ्यांचे सगळे डाव रेकॉर्ड झालेत. उरलंय ते एवढंच, की समोरचा माणूस बटण दाबायच्या आधी काय विचार करतोय ते ओळखणं. ते अजून कुठल्या तक्त्यात छापलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा गुलाबी फुगा झुलत झुलत जवळ यायला लागला, तर 'अय्या, किती क्यूट!' म्हणू नका. चार पावलं मागे सरका. त्या बाईंना झोप आलीय!